सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत दिसतं ते नेमकं काय? अमेरिकेतला ‘फीटल हार्टबीट’चा वाद

अनुष्टुभ

अमेरिकेतल्या गर्भपात कायद्यांवर एक माहितीपर लेख लिहितोय, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. टेक्सासचा एसबी ८ (१ सप्टेंबर २०२१ पासून लागू), जॉर्जियाचा एचबी ४८१, साउथ कॅरोलायनाचा २०२३ चा कायदा, या सगळ्यांना तिथे ‘हार्टबीट कायदे’ म्हणतात, कारण ठोके आढळले की त्यापुढे गर्भपाताला बंदी येते (एसबी, एचबी हे विधेयकांचे क्रमांक). सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जियात गव्हर्नरपदाच्या उमेदवार असलेल्या स्टेसी अब्राम्स म्हणाल्या की सहाव्या आठवड्यात हृदयाचे ठोके असं काही नसतंच, ऐकू येतो तो यंत्राने तयार केलेला आवाज. त्यावर कायद्याच्या समर्थकांनी विचारलं, मग स्क्रीनवर लुकलुकतंय ते काय? एसीओजी ही तिथली प्रसूतितज्ज्ञांची संघटना म्हणते की साधारण १७ ते २० आठवड्यांपर्यंत ‘हार्टबीट’ हा शब्दच अचूक नाही.

दोन्ही बाजू ठाम आहेत आणि दोन्हीकडे डॉक्टर आहेत. यंत्र काय पकडतं, हृदय त्या वेळी कोणत्या टप्प्यावर असतं आणि कायद्याच्या मजकुरात नेमकं काय लिहिलंय, हे कोणी सविस्तर सांगेल का?

टीव्हीएस

यंत्रापासून सुरू करतो, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे.

आधी आठवड्यांचा हिशोब. ‘सहा आठवडे’ मोजले जातात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे गर्भधारणेला तेव्हा चारच आठवडे झालेले असतात, आणि २८ दिवसांचं नियमित चक्र असेल तर पाळी चुकून दोन. चक्र ३५-४० दिवसांचं असेल तर पाळी चुकल्याचं कळेपर्यंतच सहावा आठवडा उजाडतो.

या वयात तपासणी योनीमार्गातून करावी लागते. पोटावरून तेच चित्र साधारण आठवडाभर उशिरा मिळतं. प्रथम जेस्टेशनल सॅक (गर्भाची पिशवी) दिसते, मग तिच्यात योक सॅकचं (भ्रूणाला सुरुवातीला पोसणाऱ्या पिशवीचं) गोल कडं, आणि त्या कड्याला चिकटून दोन-तीन मिलिमीटरचा भ्रूण. हृदयाची हालचाल बऱ्याचदा तेवढ्या लांबीतच दिसू लागते, पण दिसलीच पाहिजे असं नाही. म्हणून २०१३ पासून वापरात असलेला अमेरिकन निकष सावध आहे: लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही हालचाल नसेल, तरच गर्भ टिकलेला नाही असं निश्चित म्हणायचं. त्याहून लहान असेल तर थांबून पुन्हा तपासायचं.

दिसते ती हृदयाच्या भिंतीची हालचाल. ‘ते फक्त विद्युत संकेत आहेत’ हे वाक्य कायद्याच्या विरोधकांकडून वारंवार येतं, पण ते चूक आहे. अल्ट्रासाउंड वीज मोजतच नाही, त्याला ईसीजी लागतो. इथे परावर्तित ध्वनिलहरींवरून हलणारी ऊती दिसते.

गती मोजायची ती एम-मोडवर. चित्र मोठं करून कर्सरची रेघ लुकलुकणाऱ्या ठिकाणावरून न्यायची; हालचालीची लाट काळाच्या अक्षावर उमटते. दोन शिखरांमध्ये अर्धा सेकंद असेल तर मिनिटाला १२०. एकाच लाटेवर विसंबू नये, दोन-तीन लाटा धरून मोजावं. सहाव्या आठवड्याच्या आसपास गती साधारण १०० ते १२० असते, नवव्याच्या सुमारास १७० च्या घरात जाते, मग उतरते. इथे दोन चुका नेहमी होतात. फ्रेम ॲव्हरेजिंग (लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढणं) चालू राहिलं की बारीक लुकलुक पुसली जाते आणि ‘हालचाल नाही’ अशी नोंद होते. किंवा आईच्या रक्तवाहिनीचं स्पंदन भ्रूणाचं समजलं जातं. आकडा ७०-८० आला की आईची नाडी हातात घेऊन ताडून बघायलाच हवी.

आता ‘तयार केलेला आवाज’. एम-मोडमध्ये आवाज नसतोच. डॉप्लर लावला तर परतलेल्या लहरींच्या वारंवारितेतला फरक स्पीकरवर ऐकू येईल अशा आवाजात बदलला जातो. त्या अर्थी आवाज यंत्राचा, हे खरं. पण प्रौढ माणसाच्या हृदयाचा डॉप्लर आवाजही असाच निघतो, तेव्हा एवढ्यावरून ठोका नाही असं ठरत नाही. पहिल्या तिमाहीत स्पंद-डॉप्लर शक्यतो टाळतात ते वेगळ्याच कारणाने: ऊर्जा एका जागी एकवटते आणि ऊती तापू शकते.

सरळरेषा

टीव्हीएस यांच्या माहितीत हृदयाच्या रचनेची भर घालतो.

गर्भधारणेनंतर साधारण २२-२३ व्या दिवशी दोन नळ्या जुळून एक नळी झालेली असते आणि ती आकुंचन पावू लागते. तिला कप्पे वेगळे झालेले नसतात, झडपा नसतात. सुरुवातीला रक्त पुढे-मागे हेलकावतं, एका दिशेने वाहू लागतं ते आणखी काही दिवसांनी. नळी वळते, पडदे वाढतात, आणि चार कप्प्यांची विभागणी गर्भधारणेनंतरच्या आठव्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे पाळीपासून मोजलं तर दहाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते. ‘भ्रूण’ जाऊन ‘गर्भ’ हा शब्द लागू होतो तोही साधारण तेव्हाच. त्यामुळे सहा आठवड्यांना ‘फीटल’ (गर्भाचं) म्हणणं शास्त्राच्या दृष्टीने चूकच आहे.

पण एसीओजीचा १७ ते २० आठवडे हा आकडाही मला पटत नाही. चार कप्पे नेहमीच्या रचनातपासणीत नीट दिसतात तो हा काळ. ते तयार होतात त्याच्या कितीतरी आधी. ‘तयार झालं’ आणि ‘सहज दिसलं’ यांची गल्लत करून कायद्याच्या समर्थकांच्या हाती आयता मुद्दा दिला गेला. शिवाय ‘हार्टबीट’ हा शब्द राजकारण्यांनी शोधलेला नाही. प्रसूतितज्ज्ञ वर्षानुवर्षं सात-आठ आठवड्यांच्या तपासणीत तो सर्रास वापरत आले आहेत, आणि ज्या बाईला मूल हवं आहे तिच्याशी तसं बोलण्यात गैर काही नाही. दवाखान्यात धीर देणारा हाच शब्द कायद्यात कधीपासून बंदी हे ठरवतो, तेव्हा त्याची काटेकोर तपासणी व्हायलाच हवी.

रेडिओलॉजिस्टांच्या एका अमेरिकन संस्थेने, सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंडने, २०२४ मध्ये पहिल्या तिमाहीची शब्दावली ठरवली. तिच्यात अहवालासाठी ‘कार्डिॲक ॲक्टिव्हिटी’ म्हणजे हृदयक्रिया सुचवली आहे.

कलम_उपकलम

कायद्याच्या मजकुराबद्दल मी सांगतो.

टेक्सासच्या व्याख्येत ‘फीटल हार्टबीट’ म्हणजे जेस्टेशनल सॅकमधली हृदयक्रिया, किंवा गर्भाच्या हृदयाचं स्थिर, पुन्हा पुन्हा होणारं लयबद्ध आकुंचन. यातला ‘किंवा’ सगळ्यात महत्त्वाचा. पहिला अर्धा भाग एकटा पुरेसा ठरतो, त्यामुळे नळीला ‘हृदय’ म्हणायचं की नाही हा वाद कायद्याने वळसा घालून टाळला आहे. जॉर्जियाने तर ‘भ्रूणाची किंवा गर्भाची हृदयक्रिया’ असंच लिहिलंय.

तरी वाद न्यायालयात गेलाच. साउथ कॅरोलायनात प्लॅन्ड पेरेंटहूडने (गर्भपाताची सेवा देणाऱ्या संस्थेने) म्हटलं की व्याख्येत ‘हृदय’ आहे, आणि त्याचे मुख्य भाग नवव्या आठवड्याच्या सुमारास तयार होतात, म्हणून बंदी तिथून धरावी. मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. कायदा होत असताना दोन्ही पक्षांचे आमदार, आणि खुद्द प्लॅन्ड पेरेंटहूडही, त्याला ‘सहा आठवड्यांची बंदी’च म्हणत होते, हे न्यायालयाने दाखवून दिलं. शब्दाची लढाई तिथे अशी संपली.

उलट उदाहरण फ्लोरिडाचं. कायद्याचं नाव ‘हार्टबीट प्रोटेक्शन ॲक्ट’, पण बंदी मोजली जाते सहा आठवड्यांच्या गर्भवयावर. हृदय दिसतंय की नाही याच्याशी संबंध नाही. तो १ मे २०२४ पासून लागू आहे. लेखात ‘हार्टबीट कायदे’ अशी एकच टोपली केलीत तर फ्लोरिडाबद्दल चुकीची माहिती जाईल. टेक्सासबद्दलही एक वाक्य हवंच: २५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे गर्भाच्या कोणत्याही वयात जवळपास पूर्ण बंदी आहे, त्यामुळे एसबी ८ मधली ठोक्यांची मर्यादा व्यवहारात मागे पडली.

अनुष्टुभ

फार उपयोगी. एक राहिलं. गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भातही हालचाल दिसू शकते ना? आणि पाचव्या महिन्याच्या आधीच पाणी गेलं पण ठोके चालू आहेत, अशा वेळी हा शब्द काय करतो?

कलम_उपकलम

नलिकेतल्या गर्भाभोवतीही जेस्टेशनल सॅक असते आणि तिच्यात हृदयक्रिया दिसू शकते, म्हणून फक्त व्याख्या वाचली तर तो त्यात बसतो. मात्र टेक्सासच्या कायद्यात ‘गर्भपात’ याच शब्दाच्या व्याख्येतून असा गर्भ काढणं वगळलेलं आहे. जॉर्जियातही वगळलंय.

पाणी जाण्याची गोष्ट खरी बिकट आहे. टेक्सासची दुसरी सवलत आपोआप गर्भपात होऊन *मृत* झालेल्या गर्भासाठी आहे. इथे गर्भ वाचण्याची आशा जवळपास नसते, पण हृदय चालू असतं, त्यामुळे ती सवलत लागू होत नाही. उरतो वैद्यकीय आणीबाणीचा अपवाद, आणि जंतुसंसर्ग किती वाढला की आणीबाणी म्हणायची हे डॉक्टर आणि रुग्णालयाचा वकील यांच्यावर येऊन पडतं. २०२३ च्या एचबी ३०५८ ने नलिकेतला गर्भ आणि मुदतीआधी पाणी जाणं या दोन स्थितींत डॉक्टरला बचाव दिला, पण तो खटला उभा राहिल्यावर मांडायचा बचाव आहे. २०२५ च्या एसबी ३१ ने धोका अगदी समोर येऊन ठाकेपर्यंत थांबायची गरज नाही असं स्पष्ट केलं.

टीव्हीएस

लेखातल्या शब्दांबद्दल: असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका ‘हृदयक्रिया’ वापरायला सांगते आणि ‘हार्टबीट कायदा’ हे वर्णन टाळायला. कायद्याचं अधिकृत नाव अवतरणात द्या, त्याच वाक्यात आठवडे लिहा आणि ते शेवटच्या पाळीपासून मोजलेत हेही लिहा. ‘विद्युत स्पंदनं’ मात्र कुठेच लिहू नका.