मदत हवी आहे: फौजदारी केस सुरू असताना नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावावा का? (इंदूर)

नमस्कार. नवीन आयडी काढून लिहिते आहे. कुणी ओळखलंच तर कृपया इथे नाव घेऊ नका.

माझ्यावर बलात्कार झाला. आरोपी घरच्या ओळखीतला, इथल्या मराठी मंडळींत मान असलेला गृहस्थ. थान्यात रिपोर्ट लगेच लिहिली. घटना नवे फौजदारी कायदे आले त्या जुलै २०२४ च्या आधीची, त्यामुळे केस जुन्या आयपीसी (भारतीय दंड संहिता) कलम ३७६ खाली आहे. चालान (आरोपपत्र) पेश झालं, तो जामिनावर बाहेर आहे आणि आम्ही कोर्टाच्या पेशीमागून पेशी (तारखा) करतोय. घटनेबद्दल याहून जास्त लिहिणार नाही, विचारूही नका.

प्रश्न पैशांचा आहे. हो, पैशांचाच. नोकरी सुटली, कारण ऑफिसला जायचा रस्ता त्याच्या दुकानावरून होता. रामबागेतलं घर सोडून लांब भाड्याने राहतो. मानसोपचाराची फी आणि औषधं बाबांच्या पेन्शनमधून चालली आहेत. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज दिलाय. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २०१८ च्या भरपाई योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख अशी मर्यादा आहे, म्हणजे काहीतरी मिळेल. पण ते सरकार देणार. त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही, आणि मला सलतं ते हेच. शिवाय फौजदारी केसमध्ये मी नुसती साक्षीदार. बाजू सरकारची, वकील सरकारचा. दिवाणी दाव्यात निदान वादी मी असेन.

दादा म्हणतो, आधी शिक्षा होऊ दे. आई म्हणते, लोक बोलतील की हिने पैशासाठीच केलं. लोकांचं सोडा (इंदुरात मराठी माणसं तशीही दर गणेशोत्सवात नवा विषय शोधतात), पण त्याचा वकीलही मला हेच विचारेल ना? माझी उलटतपासणी अजून व्हायची आहे. दावा लावला तर मूळ केस कमजोर होते का?

थांबायचं म्हटलं तर मुदतीचं काय? एक वकील म्हणाले, घटनेपासून तीन वर्षं, आणि फौजदारी केस चालू आहे म्हणून ती थांबत नाहीत. येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. दुसरे म्हणाले, निकाल लागू द्या, तोच पुरावा होईल. कुणाचं ऐकू?

अजून एक. बायपासजवळचा प्लॉट तो बायकोच्या नावावर करतोय असं कानावर आलंय. उद्या डिक्री (दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा) मिळाली आणि वसूल करायला काही उरलंच नाही तर? आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर माझं नाव दिसेल का?

प्रतिसाद (दिवाणी वकील, महाराष्ट्रात प्रॅक्टिस)

ताई, मुदतीबाबत पहिल्या वकिलांचं ऐका. अशा दाव्याला लिमिटेशन ॲक्टचा अनुच्छेद ११३ धरतात, तीन वर्षं. निकालाची वाट बघण्यात दावाच बाद होईल. आणि फौजदारी निकाल दिवाणी कोर्टावर बंधनकारक नसतो. इथे 'संशयापलीकडे' सिद्ध करावं लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय एवढं पाहतात. म्हणून तिकडे तो सुटला तरी इथला दावा आपोआप पडत नाही.

मुदतीत दाखल करा. पुढे दोन्ही एकदम चालणं नको वाटलं तर दिवाणी दावा तूर्त थांबवायची विनंती करता येते. फौजदारीला आधी चालू द्यावं असं सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये एम. एस. शेरीफ प्रकरणात म्हटलं होतं. अर्थात ते कोर्टाच्या मर्जीवर आहे.

उलटतपासणीत पैशांचा प्रश्न येणारच, दावा नसला तरी येतो. मला काळजी दुसरीच आहे. वादपत्रातली प्रत्येक ओळ तुमच्या १६४ च्या (मॅजिस्ट्रेटसमोर दिलेल्या) बयानाशेजारी ठेवून वाचली जाईल. तारीख, वेळ, क्रम यांत जराही फरक राहू देऊ नका. दाखल करण्याआधी मसुदा सरकारी वकिलांना दाखवा.

प्लॉटसाठी सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) आदेश ३८ नियम ५ खाली निकालाआधी जप्तीचा अर्ज द्या, पण 'कानावर आलंय' यावर कोर्ट हलत नाही. रजिस्ट्री ऑफिसातून नक्कल काढा. नावासाठी दाव्याबरोबरच वेगळा अर्ज करा: बंद दालनात सुनावणी (सीपीसी कलम १५३ बी), आणि रेकॉर्डवर नावाऐवजी आद्याक्षरं. तुमची ओळख छापणं गुन्हाच आहे, पण संगणकात नाव चढवणाऱ्या बाबूला ते आठवेलच असं नाही. दाखल करतानाच सांगा.

कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर लागते, म्हणून आकडा फुगवू नका. बिलं, पगाराच्या स्लिपा, भाडेकरार यांवरून मांडा, मनस्तापाची रक्कम वेगळी दाखवा. विधिक सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही. वकील आणि कोर्ट फी दोन्ही विधिक सेवा प्राधिकरणाकडे मागा.

धागाकर्ती

खूप आभार. रजिस्ट्रीची नक्कल दादा काढेल म्हणाला, म्हणजे तो तयार झालाय. आईशी अजून बोलले नाही. मानसोपचाराची बिलं कोर्टात लावली तर डॉक्टरांच्या नोंदीही उघड कराव्या लागतात का? त्यात मी बरंच काही बोलले आहे, जे घरच्यांनाही माहीत नाही. आणि इंदुरात दिवाणी काम करणारी, मराठी समजणारी कुणी महिला वकील माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईला समजावताना सोबत हवी आहे.