मदत हवी आहे: अँटिबॉडी घातली की एनएमआरचे पीक्स गायब

मंडळी, पणजीहून लिहितेय. अँटिजेनवर (अँटिबॉडी ज्याला चिकटते ते प्रथिन) अँटिबॉडी नेमकी कुठे बसते ते एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल, म्हणजे पीक्स, वाचून) शोधायचंय आणि पार अडलेय.

अँटिजेन १२ किलोडाल्टनचं, एन-१५ (जड नायट्रोजन) लेबल केलेलं, एकटं असताना एचएसक्यूसी (दर अमाइनो आम्लामागे साधारण एक पीक देणारा स्पेक्ट्रम) इतका स्वच्छ येतो की एकेक पीक मोजून घ्यावा, असाइनमेंटही (कुठला पीक कुठल्या अमाइनो आम्लाचा ते) झालीय. पण फॅब (अँटिबॉडीचा अँटिजेन पकडणारा तुकडा, ५० किलोडाल्टन, उंदराच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीपासून पपेन एन्झाइमने तोडलेला, म्हणून लेबल नाही) टाकत गेलं की पीक्स सरकत नाहीत, नुसते विझत जातात आणि १:१ ला लवचिक शेपटाचे सात-आठच उरतात. केडी (बंधाच्या घट्टपणाचं माप, जितकं कमी तितका घट्ट) ५ नॅनोमोलर, म्हणजे स्लो एक्स्चेंज (सुटणं-बसणं सावकाश, म्हणून पीक सरकत नाही, जुना विझून दुसरीकडे नवा येतो), त्यात ६२ किलोडाल्टनचा कॉम्प्लेक्स सावकाश फिरतो म्हणून नवे पीक्स रुंद होऊन बुडत असणार. साका नाही, ट्यूब खिडकीशी धरून बघितली, नितळ आहे.

तापमान २५ चं ३५ केलं, मीठ कमी केलं, ट्रोझीही (मोठ्या रेणूंचे पीक्स बारीक ठेवणारी पद्धत) लावला, पण ६०० मेगाहर्ट्झवर आणि अँटिजेनमध्ये ड्युटेरियम (जड हायड्रोजन) न भरता, फरक जेमतेम. ते भरायला अँटिजेन बनवणारे बॅक्टेरिया जड पाण्यात (ड्युटेरियमच्या पाण्यात) वाढवावे लागतील, त्याला पैसे एकदाच पुरतील.

दुसरा मार्ग हायड्रोजन-ड्युटेरियम एक्स्चेंजचा (जड पाण्यात उघड्या जागेचा हायड्रोजन जाऊन ड्युटेरियम येतं), १९९० साली सायटोक्रोम सी या प्रथिनावरची अँटिबॉडीची जागा अशीच शोधली होती. फॅब मण्यांवर बांधायचा, त्याला अँटिजेन धरवून जड पाण्यात ठेवायचं, मग आम्लात सोडवून एकट्या अँटिजेनचा स्पेक्ट्रम घ्यायचा, फॅबने झाकलेल्या अमाइडचे (प्रथिनाच्या कण्यातल्या एनएच गटांचे) प्रोटॉन, म्हणजे साधे हायड्रोजन, टिकलेले दिसतात. पण माझं अँटिजेन पीएच ३ च्या खाली उलगडतं.

ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा, इतका घट्ट फॅब पीएच ३ ला सुटतो का, की सरळ ड्युटेरेशनवरच पैसे घालू?