फवारणीची विषबाधा आणि हृदयाची लय

प्रश्न: कपाशीवर प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक फवारताना माझ्या धाकट्या भावाला विषबाधा झाली, तोंडाला फेस आला होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. आता तो शुद्धीवर असून जेवतोही, तरी ईसीजीमध्ये क्यूटी (प्रत्येक ठोक्यातील हृदयाच्या विद्युत क्रियेचा कालावधी) वाढलेला दिसत असल्यामुळे डॉक्टर त्याला सोडत नाहीत. इतकी सावधगिरी आवश्यक आहे का?

उत्तर १: होय, आवश्यक आहे. प्रोफेनोफॉस ज्या गटात मोडते त्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत क्यूटी वाढलेला असेल, तर रुग्णाला बरे वाटू लागल्यावरही काही दिवस हृदयाची लय अचानक बिघडू शकते, म्हणून मॉनिटर, पोटॅशियमची पातळी राखणे आणि गरज भासल्यास शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट असा उपचार केला जातो. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाची मात्रा मात्र बाहुल्यांवरून नव्हे, तर मुख्यतः छातीतील घरघर थांबणे, नाडी व रक्तदाब यांवरून ठरवतात. यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीने वीसहून अधिक जण दगावले, हे विसरू नका.

उत्तर २: उलटीवरील ऑनडॅनसेट्रॉनही क्यूटी वाढवते, ते चालू आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. तिथे फॉस्फिन वायू हृदयाच्या स्नायूलाच दुबळे करतो आणि त्यावर उतारा नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ऑनडॅनसेट्रॉन चालू होते. डॉक्टरांनी आजच बंद केले.