'सेनेसंट' पेशीला काय म्हणावं : जीर्ण, वृद्ध की निबर?

पानगळ
पेशींचा चयापचय (मेटाबॉलिझम) आणि म्हातारपण यांच्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'सेनेसंट सेल'पाशी अडले. मी 'जीर्ण पेशी' लिहिलं होतं, संपादकबाईंनी खोडून 'वृद्ध पेशी' केलं. जीर्ण म्हटलं की पडका वाडा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. ते पटलं, पण 'वृद्ध' त्याहून चुकीचं वाटतं. या पेशी विभाजन कायमचं थांबवतात, पण मरत नाहीत. चयापचय चालूच असतो, आणि दाह वाढवणारी द्रव्यं आजूबाजूला सोडत बसतात. वयाबरोबर त्यांची संख्या वाढते हे खरं, पण गर्भातसुद्धा अशा पेशी सापडल्या आहेत. गर्भातल्या पेशीला वृद्ध कसं म्हणू? शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

काळी माती
'वृद्ध' नकोच. धातू 'वृध्', म्हणजे वाढणे. ज्या पेशीची वाढ थांबली तिलाच 'वाढलेली' म्हणायचं?

सूक्ष्मदर्शी
विभाजन थांबतं, वाढ नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत या पेशी मी रोज पाहायचो. तरुण पेशी चातीसारख्या निमुळत्या, आणि या फुगून, पसरून तळाला चिकटलेल्या, तळलेल्या अंड्यासारख्या. आकाराने कितीतरी मोठ्या. लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं की माणसाच्या पेशी बशीत साधारण 40 ते 60 वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. त्या थांबलेल्या पेशी याच. तेव्हा धातूच बघायचा तर 'वृद्ध' चपखल आहे.

आडवाट
पानगळताई, 'जीर्ण' सोडू नका. पाणिनीच्या धातुपाठात 'जॄष् वयोहानौ' आहे, म्हणजे वय सरणे. त्यातूनच जरा, जीर्ण, जर्जर. आणि त्याच धातूतून आपलं 'जिरणे'! न जिरलेलं ते अजीर्ण. खाल्लेल्या वातापि राक्षसाला अगस्तींनी पोटावर हात फिरवून 'वातापि जीर्णो भव' म्हटलं तेव्हा त्याला म्हातारा हो असं नव्हते म्हणाले, पचून जा म्हणाले. पचन आणि म्हातारपण एकाच धातूत! तुमच्या लेखाचा विषयच हा आहे.

सूक्ष्मदर्शी
हे वाचून थांबलोच. कारण पेशी आपले झिजलेले भाग स्वतःच मोडून वापरते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात. ती कशी चालते हे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधलं, 2016 चं नोबेल त्याचंच. उपासमार झाली की ही क्रिया वाढते, वयाबरोबर मंदावते. म्हणजे पेशी स्वतःचा कचरा जिरवेनाशी झाली की ती जीर्ण होते. मराठी पुस्तकांत 'स्वभक्षण' लिहितात, भीषण वाटतं. 'स्वजिरवण' का नको?

बांधावरची
स्वजिरवण! 'पाणी अडवा, पाणी जिरवा' गावोगाव समजलं, हेही समजेल. पण आमच्याकडे 'त्याची चांगली जिरवली' म्हणजे खोड मोडली. पेशीने स्वतःचीच जिरवली असं वाचतील.

कामापुरतं
ऑटोफॅजी, मेटाबॉलिझम असंच लिहा ना. मेटाबॉलिझम आता मराठीच आहे. तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, हे जिममधल्या पोरालाही माहीत असतं.

सूक्ष्मदर्शी
माहीत असतं, पण चुकीचं. 2021 मध्ये 29 देशांतल्या 6,400 हून जास्त माणसांची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार आणि घडण जमेस धरली तर 20 ते 60 या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच राहतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे 0.7 टक्क्यांनी उतरतो. शब्द रुळला म्हणून अर्थ कळला असं होत नाही.

आडवाट
म्हणूनच 'चयापचय' हवा. चय म्हणजे रचणे, अपचय म्हणजे मोडणे. दोन्ही बाजू एका शब्दात. इतका बोलका शब्द टाकून द्यायचा?

बांधावरची
बोलका कोणाला? मधुमेहाच्या एका पत्रकात 'चयापचयाचा बिघाड' छापलं होतं. मी ते आमच्या वस्तीवर वाचून दाखवलं. एका मावशींनी विचारलं, 'अपचनाचा त्रास मला न्हाई, मग ही गोळी कशापायी?' गोळी परत द्यायला निघाल्या होत्या. त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. त्या दिवसापासून मी 'शरीरात अन्नाची ताकद होणं' म्हणते. शब्द लांब झाला तरी चालेल, गोळी पोटात गेली पाहिजे.

हुगळीकाठ
बंगालीत मेटाबॉलिझमला 'विपाक' म्हणतात. आयुर्वेदातलाच शब्द. मात्र रोजच्या बोलण्यात 'विपाकात पडलो' म्हणजे अडचणीत सापडलो! सोळा वर्षं इथे आहे, अजून दोन्ही अर्थ एकदम कानात वाजतात.

काळी माती
मूळ प्रश्नाकडे या. माझ्या मते 'निबर पेशी'. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतो ना? कोवळी असेल तर कट्कन तुटते, निबर असेल तर नुसती वाकते. निबर भेंडी मेलेली नसते, झाडावर जिवंतच असते, पण कोवळेपणा गेला तो गेला. आणि आई म्हणायची, निबर शेंगा झाडावर ठेवल्या की नवीन धरत नाहीत, तोडून टाक. उंदरांच्या शरीरातून या पेशी काढून टाकल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचं मी वाचलंय. तोच न्याय.

पानगळ
निबर! हे सुचलंच नव्हतं. पण 'निबर' म्हणजे कोडगाही ना?

बांधावरची
आम्ही भेंडीला 'जून' म्हणतो. निबर म्हणजे मार खाऊन न रडणारं पोर.

आडवाट
'जून' आणि 'जुना' दोन्ही त्याच धातूतले, जूर्णवरून. म्हणजे फिरून माझ्याच 'जीर्ण'पाशी आलात. जिरेसुद्धा तिथलेच, जीरक, जिरवणारं ते.

हुगळीकाठ
जिऱ्याला फारसीतही 'झीरे' म्हणतात. तो शब्द इतका सहज संस्कृतच्या नावावर लावू नका.

आडवाट
फारसी आणि संस्कृत बहिणीच आहेत. जिऱ्यासाठी वेगळा धागा काढतो, तिथे या.