विकररोधके (एन्झाइम रोखणारी औषधे) आणि धमनीच्या स्नायुपेशी : उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला लावावा का?

मांडवीकर, बडोदे :
अँजिओप्लास्टीत फुग्याने दुखावलेल्या धमनीतील अरेखित स्नायुपेशी भिंतीच्या मधल्या थरातून आत सरकतात, तेथे वाढतात आणि मोकळी केलेली वाट पुन्हा अरुंद करतात. प्रयोगशाळेत सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन गटातले औषध घातले की ही वाढ मंदावते आणि मेव्हालोनेट (स्टॅटिन ज्या विकराला रोखते, त्याच्यामुळे तयार होणारा पदार्थ) पुरवले की पूर्ववत होते. म्हणजे हा परिणाम एक ठरावीक विकर रोखल्याचा आहे, विषारीपणाचा नव्हे. तरीही स्टॅटिनकडे केवळ कोलेस्टेरॉलची गोळी म्हणून पाहिले जाते, हे मला पटत नाही.

दांडियाबाजारकर :
पुरावा स्वच्छ आहे, पण तो काचपात्रातला आहे. सिलाझाप्रिल या एसीई-रोधकाने (रक्तदाब वाढवणारे एक विकर रोखणाऱ्या औषधाने) उंदरांच्या मानेच्या धमनीतील अशी वाढ बरीच रोखल्याचे 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मर्केटर चाचणीत सुमारे 700 रुग्णांना तेच औषध दिले, तेव्हा धमन्या पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण घटले नाही, असे 1992 मध्ये दिसून आले. उंदरांना वजनाच्या मानाने कितीतरी मोठी मात्रा, तीही इजेच्या आधीपासून मिळाली होती. शिवाय त्यांची धमनी निरोगी होती, रुग्णांची मात्र आधीच चरबीने आणि कॅल्शियमने भरलेली. 1994 मध्ये लोव्हास्टॅटिनचीही हीच गत झाली. औषधांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शहराला तरी हा फरक समजावा.

वाचक, अलकापुरी :
सगळी स्टॅटिन एका माळेत ओवू नयेत. पाण्यात सहज विरघळणारे प्राव्हास्टॅटिन या पेशींत फारसे शिरत नाही, त्यामुळे त्यांची वाढही फारशी रोखत नाही.

मांडवीकर :
गोळी अपुरी पडली म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. सिरोलिमस पेशीतल्या एका प्रथिनाशी जोडले जाऊन एमटॉर हे विकर रोखते आणि पेशी विभाजनापूर्वीच अडकून पडते. तेच औषध स्टेंटवर (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीवर) लेपून नेमक्या जागी पोहोचवले, तेव्हा 2002 च्या रॅव्हेल चाचणीत सहा महिन्यांनी त्या गटातील एकाही रुग्णाची धमनी निम्मी किंवा अधिक अरुंद झालेली आढळली नाही. साध्या स्टेंटच्या गटात हे प्रमाण सुमारे 27 टक्के होते. मात्रा आणि जागा साधली की उंदरांवरून काढलेले अनुमान माणसातही टिकते.

दांडियाबाजारकर :
टिकते, पण फुकट नाही. सिरोलिमसला स्नायुपेशी आणि धमनीच्या आतल्या अस्तरपेशी यांतला भेद कळत नाही. अस्तर उशिरा भरून येते, तोवर स्टेंटची धातू रक्ताला उघडी राहते आणि तिच्यावर गुठळी जमू शकते. म्हणूनच रुग्णाला ॲस्पिरिनच्या जोडीला गुठळी रोखणारे दुसरे औषध कित्येक महिने घ्यावे लागते. अस्तराला धक्का न लावता फक्त स्नायुपेशींना आवरणारे रोधक हाती येत नाही, तोवर मी याला अर्धेच यश म्हणेन.