काकांच्या ट्रंकेत स्टार वॉर्सच्या जुन्या फिगर्स सापडल्यात, ओरिजनल कशा ओळखायच्या आणि पुतण्याला खेळायला द्याव्यात का?

बल्काव_आणि_चहा

नमस्कार मंडळी. चवथीच्या आधी घर झाडायला काढलं तेव्हा माळ्यावरून काकांची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. काका तारवटी, ऐंशीच्या दशकात बोटीवर होते, इंग्लंडच्या बंदराला बोट लागली की आम्हा पोरांसाठी काहीतरी घेऊन यायचे, कोणाला चॉकलेट, कोणाला पेन आणि मला ही प्लास्टिकची माणसं. शिरोड्याच्या घरात तेव्हा टीव्ही पण नव्हता, सिनेमा कुठला बघणार, त्यामुळे ही कोण आहेत ते काही माहीत नव्हतं. चुबाका माझ्यासाठी अस्वल होता, आर-टू म्हणजे पाण्याची टाकी, आणि काळा उंच तो देवळाचा रखवालदार, सगळ्यांचं रक्षण करायचा. कॉलेजला गेल्यावर मित्राकडे कॅसेटवर पिक्चर बघितला तेव्हा कळलं की माझा रखवालदार म्हणजे डार्थ व्हेडर, त्या गोष्टीतला मोठा व्हिलन. खरं सांगतो, रात्रभर झोप लागली नव्हती.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली.

ट्रंकेत सात निघाल्या. व्हेडर आहे पण त्याची केप नाही, दोन स्टॉर्मट्रूपर (एक पांढरा आणि एक पार हळदीसारखा पिवळा), चुबाका, ल्यूक, कापडी झग्यातला छोटा जावा, आणि आर-टू, त्याच्या पोटावरचा स्टिकर अर्धा सुटलाय. बंदूक एकच आहे. सोबत एक फाटका पुठ्ठा आहे, त्यावर सिनेमाचं नाव तीन भाषांत छापलंय. सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास येतोय आणि हाताला चिकट लागतात. आई म्हणते या बाहुल्या भंगारवाल्याला दे. एका ओळखीच्या माणसाने फोटो बघून सगळ्याचे मिळून दोन हजार देतो म्हणून सांगितलं. आणि पुतण्या नऊ वर्षांचा आहे, त्याला स्टार वॉर्समधला फक्त ग्रोगू माहीत, मँडलोरियन मालिकेतला तो छोटा, तो हे सगळं बघून नुसता नाचतोय. काय करू? ओरिजनल आहेत का, साफ कशा करायच्या, आणि त्याच्या हातात द्याव्यात का?

खोर्ली_नाका

पात्रांव आधी एक काम कर, त्या दोन हजारवाल्याला नको म्हणून सांग. आणि आईला सांग की चवथ होईपर्यंत ट्रंकेला कोणी हात लावायचा नाही.

आता ओळखायचं कसं. फिगर उलटी धर आणि पायांच्या मागे बघ, बारीक अक्षरं कोरलेली असतात. तू सांगितलेल्या सगळ्या पहिल्या बारा जणांतल्या आहेत, म्हणजे केनर कंपनीने १९७८ मध्ये ज्या पहिल्या बारा काढल्या त्यातल्या, म्हणून तिथे १९७७ आणि जी.एम.एफ.जी.आय. असं असायला हवं. ते जनरल मिल्स फन ग्रुपचं नाव, केनर तेव्हा जनरल मिल्सच्या मालकीची होती, तीच नाश्त्याची सीरियल बनवणारी. पण १९७७ वाचून उड्या मारू नकोस, ते साच्याचं कॉपीराइटचं साल आहे, फिगर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बनलेली असू शकते. तुझा तीन भाषांतला पुठ्ठा तेच सांगतो. त्याला कलेक्टर लोक ट्राय-लोगो म्हणतात, रिटर्न ऑफ द जेडायचं नाव इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये. तो सिनेमा १९८३ चा, आणि इंग्लंडमध्ये ही खेळणी पॅलिटॉय नावाची कंपनी विकायची. म्हणजे तुझ्या काकांची बोट आणि पुठ्ठा दोन्ही जुळतात. मला तर हे वाचून फार बरं वाटलं.

देशाचं नाव पण बघ. हाँगकाँग, तैवान, चीन असं काहीही असू शकतं, काहींवर मकाव पण असतं. काहींवर देशाचं नाव खरवडून काढलेलं असतं, त्याला घाबरायचं नाही, ते पण ओरिजनलच.

जावा कापडी झग्यातला आहे ते एका अर्थी चांगलं. सुरुवातीला जावाला प्लास्टिकची केप होती, एवढ्याशा फिगरला तेवढाच पैसा आणि वर ती पातळ केप, दिसायला स्वस्त वाटते म्हणून केनरने लगेच कापडी झगा दिला. त्यामुळे प्लास्टिक केपवाला दुर्मिळ झाला, आणि म्हणूनच त्याचे डुप्लिकेट पण भरपूर, लोक ओबी-वानची केप कापून जावाला घालतात. तुझ्याकडे तो प्रश्नच नाही.

बंदुकीबद्दल, जुन्या बहुतेक पाण्यावर तरंगतात आणि नव्या नकली बऱ्याच बुडतात, पण फक्त तेवढ्यावर निकाल लावू नकोस. आणि ल्यूकच्या उजव्या हाताखालचा दांडा सरकवून बघ, लाईटसेबर, म्हणजे त्याची प्रकाशाची तलवार, दंडातच असते, टोक मोडलेलं नसेल तर तू नशीबवान.

बारावी_केमिस्ट्री

मी हायर सेकंडरीला केमिस्ट्री शिकवते, स्टार वॉर्सची फॅन आहे ती मुलामुळे झाले, पण आधी तुमच्या ट्रंकेबद्दल बोलते कारण वाचून जीव घाबरा झाला. डांबरगोळ्या आजच्या आज बाहेर काढा! नॅप्थलीनची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, पॉलिस्टायरीन तर त्याने खराबच होतं. आपल्याकडे पैठणी असो की जुने फोटो असोत की खेळणी, सगळ्यात चार गोळ्या टाकायची सवय आहे, कपड्यांना ते ठीक, प्लास्टिकला नाही.

चिकटपणा दोन कारणांनी येतो. एक वरचा मळ आणि दमट हवा, आपल्या पावसात जून ते सप्टेंबर बंद ट्रंकेत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं, मऊ पीव्हीसीमध्ये ते लवचिक राहावं म्हणून घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं, ते तेलकट लागतं. दोन्हीला उपाय एकच, कोमट पाणी, भांडी घासायचं सौम्य लिक्विड दोन थेंब, आणि मऊ टूथब्रश. घासायचं नाही, नुसतं फिरवायचं. नंतर सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, सांध्यांत पाणी राहिलं तर बुरशी धरेल.

पण आर-टूला पाण्यात अजिबात बुडवू नका. त्याच्या पोटावरचा तो स्टिकर कागदाचा आहे, गेला की गेला. त्याला कोरड्या कापडाने पुसा आणि सुटलेला भाग आहे तसाच राहू द्या, घरातला गोंद तर लावूच नका. जावाचा झगा वेगळा काढून थंड पाण्यात हलकेच बुडवा, पिळू नका.

पिवळा स्टॉर्मट्रूपर पांढरा करायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. होतो पांढरा, पण काही काळाने परत पिवळा पडू शकतो, आणि प्लास्टिक ठिसूळ व्हायची भीती आहे ती वेगळीच. माझं मत विचाराल तर राहू दे पिवळा. दोघे शेजारी उभे केले की कळतं तरी, एकाने ऊन खाल्लंय आणि एक सावलीत राहिला.

ठेवताना साध्या पॉलिथिनच्या झिपवाल्या पिशव्या वापरा, पीव्हीसीच्या जाड पारदर्शक पिशव्या नकोत. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसात महिन्याने एकदा उघडून हवा दाखवा.

इफ्फीच्या_रांगेत

साफसफाईचं ताईंनी सांगितलंच, मी पुतण्याबद्दल बोलतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि मी यावर बरेच वर्षं विचार केलाय.

१९७७ चा मे महिना, सिनेमा आला आणि एवढा चालेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकासने स्टुडिओकडे दिग्दर्शनाचं मानधन वाढवून मागायच्या ऐवजी खेळण्यांचे आणि पुढच्या भागांचे हक्क मागून घेतले होते, स्टुडिओला त्यात काही दम वाटला नाही म्हणून दिले. मग नाताळ आला तर केनरकडे विकायला एकही फिगर तयार नव्हती! त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं, आत एक सर्टिफिकेट, ते पाठवलं की १९७८ मध्ये चार फिगर्स पोस्टाने घरी येणार, ल्यूक, लेया, चुबाका आणि आर-टू. लोकांनी ते पण घेतलं. पोरांनी नाताळच्या सकाळी कागद उघडला आणि वाट बघितली. आता २०१९ बघा, नोव्हेंबरमध्ये स्टार वॉर्सची मँडलोरियन मालिका आली, ग्रोगूचं गुपित फुटू नये म्हणून त्याची खेळणी आधी बनवायलाच दिली नव्हती, त्यामुळे त्या नाताळालाही दुकानात काही नाही. बेचाळीस वर्षांनी परत तेच. आणि बघा, या दोन्ही वेळेला लोक आधी गोष्टीच्या प्रेमात पडले, खेळणं नंतर आलं.

याच्या उलट २०१५, स्टार वॉर्सचा नवा सिनेमा डिसेंबरला आणि खेळणी ४ सप्टेंबरला, मध्यरात्री दुकानं उघडून. कोण कुठला माहीत नसताना त्याची फिगर घरात. १९९९ ला पण तेच, सिनेमाच्या दोन आठवडे आधी दुकानं भरलेली. डिस्नीने २०१२ मध्ये ल्यूकासफिल्म ४०५ कोटी डॉलरला घेतली त्याच्या आधीपासून हे चालू आहे, त्यामुळे सगळा दोष डिस्नीला देणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण एक आहे, गोष्ट मागून आली की ते खेळणं नुसता माल वाटतो.

म्हणून मी म्हणतो, आधी पुतण्याला पहिला सिनेमा दाखव, १९७७ चा, शांतपणे, मध्ये मोबाइल नको. मग ट्रंक उघड.

किट_जोडणारा

@इफ्फीच्या_रांगेत भाई तुमचं लिहिलेलं आवडलं, पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. गोष्ट आधी आली तरच खेळण्यात जीव असतो हे कुठून आलं? गंडम घ्या, यंत्रमानवांची कार्टून मालिका. १९७९ मध्ये जपानमध्ये आली, बघणारे कमी, ५२ भागांची ठरली होती ती ४३ वर गुंडाळावी लागली. १९८० पासून बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने प्लास्टिकची किट्स काढली, पोरांनी घरी बसून जोडली, आणि गेलेली मालिका उभी राहिली, आज पण चालू आहे. तिथे खेळण्याने गोष्ट वाचवली. ट्रान्सफॉर्मर्सचं तर उलटंच, खेळणी जपानमध्ये आधीच होती, ताकारा कंपनीची, १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने त्यांना नावं दिली, स्वभाव दिले, भांडण दिलं.

आणि लांब कशाला जायचं, प्रश्न विचारणाऱ्या दादांचंच बघा ना! त्यांनी सिनेमा न बघता व्हेडरला देवळाचा रखवालदार केला. ती गोष्ट ल्यूकासने लिहिली नव्हती, शिरोड्याच्या एका पोराने रचली होती, आणि ती मला मूळ गोष्टीइतकीच खरी वाटते. पुतण्याला सिनेमा आधी दाखवला तर तो व्हेडरला व्हिलनच करणार. आधी फिगर्स द्या, तो काय करतो ते बघा.

खोर्ली_नाका

मध्येच एक आपल्या गोव्याचं सांगतो, विषयाला धरूनच आहे. हा पावणेचार इंचाचा साइज केनरने पक्का केला, कारण फिगर लहान असली तरच तिच्या मापाचं यान पोराच्या घरात मावतं, एक फुटाच्या बाहुलीला मिलेनियम फाल्कन बनवायचं म्हटलं तर खोली भरेल. मग १९८२ मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो हे खेळण्यातले सैनिक त्याच साइजला आणले, आणि आपल्याकडे ते फनस्कूल कंपनीने काढले, ज्यांचा कारखाना इथे खोर्लीला. आमच्या शाळेत ज्याच्याकडे ते होते त्याच्या घरी रांग लागायची. रंग अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे असायचे म्हणून तिकडचे कलेक्टर आज पण भारतातले शोधत असतात. म्हणजे आपण रस्त्याने जुन्या गोव्याहून फोंड्याला जाताना ज्या वसाहतीवरून जातो तिथल्या खेळण्यांचं माप स्टार वॉर्सने ठरवलेलं. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

बाकी द्यायचं की नाही यावर, मी मधला मार्ग सांगतो. दोन ट्रूपर आहेत ना, पिवळा खेळायला दे. आर-टू आणि जावा कपाटात.

बल्काव_आणि_चहा

सगळ्यांना देव बरें करूं. रविवारी सगळं केलं, ताईंनी सांगितलं तसंच, गोळ्या फेकल्या, बल्कावात, म्हणजे घरासमोरच्या ओसरीत, टेबल मांडून एकेक धुतली. आई आधी लांबून बघत होती, मग स्वतःच जावाचा झगा घेऊन गेली आणि रुमालासारखा थंड पाण्यात बुडवून आणला, म्हणाली हा भावोजींनी तुला दिला तेव्हा तू तापाने फणफणला होतास, उशाखाली घेऊन झोपायचास. मला हे आठवत नव्हतं.

पाय बघितले. सगळ्यांवर १९७७ आहे, पाच जणांवर हाँगकाँग, एकावर देशाचं नाव नाही, आणि चुबाकावर मकाव. काका पोर्तुगीज बोलायचे, त्यांना हे दाखवायला पाहिजे होतं, मकाव तेव्हा पोर्तुगीजांकडेच होतं ना. ल्यूकचा दांडा अडकला होता, साबणाच्या पाण्याने सुटला, लाईटसेबर पूर्ण आहे टोकासकट.

विकणार नाही हे ठरलं. सिनेमा आधी की फिगर आधी यावर मी बराच विचार केला, आणि किट_जोडणारा यांचं ऐकलं. पुतण्याला काही न सांगता पिवळा ट्रूपर, व्हेडर आणि चुबाका दिला. त्याला व्हेडर कोण ते थोडं माहीत होतं, तरी त्याने पिवळ्या ट्रूपरला आजारी केलाय, तो पिवळा आहे म्हणजे त्याला कावीळ, आणि व्हेडर त्याला उचलून बांबोळीच्या हॉस्पिटलात नेतो. सिनेमा चवथीच्या सुट्टीत दाखवणार आहे.

आता एकच राहिलं, त्याला व्हेडरला केप पाहिजे. रेक्झिन कापून करू का?

बारावी_केमिस्ट्री

रेक्झिन नको, ते पण पीव्हीसीच, कालांतराने फिगरला चिकटेल. काळं सुती कापड घ्या, मानेला दोन भोकं, हात त्यातून घालायचे. आईंनाच शिवायला सांगा.