मदत हवी: टोपड्याच्या गोलाला लाटा पडतायत, रविवारी बारसं आहे

सुरंगी (मंगळवार, रात्री ११:१०)
रविवारी भाचीचं बारसं. आत्या म्हणून कानात नाव मी सांगणार आणि डोक्यावर माझ्या हातचं टोपडं असावं ही फार इच्छा आहे. क्रोशाचं करायला घेतलंय. डोक्यावरचा गोल सपाट यायला हवा, तर चौथ्या फेरीपासून कडेला लाटा पडतात. हातात उचललं की फुलासारखं गोळा होतं. तीनदा उसवलं. कागदावर लिहिलंय तस्संच करतेय, टाके मोजलेत, एकही चुकलेला नाही. दिवसा कामावर असते, रात्रीच वेळ मिळतो. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

माटोळी (११:३२)
हात सैल पडतोय तुझा. नव्या माणसाचा पडतोच. दोरा करंगळीला दोन वेढे घेऊन धर आणि प्रत्येक टाका ओढून घे. मी चवथीला दाराची तोरणं करते, एक लाट दिसणार नाही.

अबोली_डिचोली (११:४०)
सुई कुठली? दोरा कुठला? हे कळल्याशिवाय काय सांगणार? सुई दोऱ्याच्या मानाने जाड असेल तर वीण ढिली पडते.

सुरंगी (११:४४)
सुई घरातलीच, सासूबाईंची. ९ नंबर. दोरा पिवळी लोकर. आणि मी नवी नाही हो, शाळेत असल्यापासून रुमालाच्या लेस करतेय. टोपडं पहिलंच.

अबोली_डिचोली (११:५२)
पिवळी हे मापात धरता येत नाही ना गो :) किती पदरी ते गुंड्याच्या पट्टीवर असतं. सासूबाईंची सुई म्हणजे जुना इंग्रजी नंबर असणार. त्यात ९ म्हणजे साडेतीन मिलिमीटर. त्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, १४ नंबर २ मिलिमीटरची. लोकर चार पदरी असेल तर तुझी सुई बरोबर आहे, दोष दुसरीकडे आहे.

खांडेपार_काकी (बुधवार, सकाळी ६:१५)
लोकर कशाला पण? वैशाखात? आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा पहाटे गार वाटलं तर वाटलं. त्या लेकराच्या डोक्यावर घाम येऊन पुरळ उठेल. सुती दोरा घे, वरच्या बाजारात मिळतो. घाम शोषतो, उकळत्या पाण्यात धुता येतो. माझ्या तिन्ही नातवंडांची टोपडी सुती होती. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे प्लास्टिकचंच भावंड.

माटोळी (७:०२)
काकी, सुती टोपडं ताणत नाही. डोक्यात नीट बसत नाही, एक तर घट्ट होतं नाही तर डोळ्यांवर येतं. लोकर ताणते आणि परत येते. बारशाला तासभर घालायचं, मग जपून ठेवायचं. एवढ्यासाठी लोकरच बरी.

खांडेपार_काकी (७:२०)
जपून ठेवायचं म्हणतेस, पावसाळ्यात कपाटात काय होतं ते ठाऊक आहे ना? चार महिने दमट हवा, वरून बुरशी. आणि वस्तू वापरायला करायची की कपाटात ठेवायला? मी केलेलं एकेक टोपडं फाटेपर्यंत वापरलंय पोरांनी, त्याचंच मला समाधान आहे.

रापणकार (८:४५)
मध्येच बोलतो. माझे बाबा रापणीची, म्हणजे मासे धरायची, जाळी दुरुस्त करायचे, मीही शिकलो. जाळ्याला प्रत्येक घराशी गाठ असते, म्हणून एक धागा तुटला तरी बाकीचं जाळं टिकतं. क्रोशात नुसती आकडी आकडीत अडकते, शेवटचं टोक ओढलं की सगळं उसवतं. म्हणून टोक नीट बंद करा आणि सुईने चार-पाच टाके आत फिरवा. बाळ ओढतंच. गाठीची टोपीसुद्धा होते, हवी असल्यास पद्धत सांगतो.

शेवंती_मडगाव (९:३०)
लाटांवर सोपा उपाय. उलटं करून ओलं फडकं घाला आणि गरम इस्त्री दाबून फिरवा. सपाट होतं. माझे टेबलावरचे रुमाल मी असेच बसवते, थोडी खळ लावली की कडक राहतात.

अबोली_डिचोली (९:४१)
कृपा करून हे करू नका!! रुमाल सुती असतात म्हणून चालतं. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री दाबली की धागा वितळून चपटा पडतो आणि मग कधीच पूर्ववत होत नाही. माझा एक अख्खा स्वेटर असा गेलाय, मुलाचा होता, अजून वाईट वाटतं. शिवाय खळीचं टोपडं बाळाला टोचेल. टाके जास्त झाल्याने लाट आली असेल तर इस्त्रीने ते कमी कसे होणार?

वळवईची_मामी (दुपारी १:१५)
सुरंगी, कागदावर पहिल्या दोन फेऱ्यांना नेमकी काय अक्षरं आहेत ती जशीच्या तशी इथे लिही. आणि फेरी जिथे जोडतेस तिथे काय दिसतं ते सांग.

सुरंगी (रात्री ९:५०)
कागद मैत्रिणीने पाठवला, इंग्रजीत आहे. पहिली फेरी: वेढ्यात तीन साखळ्या, मग ११ डीसी, एकूण १२. दुसरी: प्रत्येकात दोन, २४. मग ३६, ४८, असं ७२ पर्यंत. डीसी म्हणजे डबल क्रोशे, म्हणजे मुका खांब, सुईवर वेढा न घेता केलेला बुटका टाका. शाळेत सिस्टरनी तसंच शिकवलंय. जोडाला दर फेरीत टेकाड येतं आणि बाजूला भोक पडतं. ते माझ्या हाताचं असेल म्हणून लिहिलं नव्हतं. लोकर चार पदरी आहे, पट्टी बघितली.

वळवईची_मामी (१०:०५)
सापडलं. तुझा हात चांगला आहे, कागद अमेरिकन आहे. इंग्लंडच्या पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब, सुईवर एक वेढा घेऊन केलेला, ज्याला इंग्लंडवाले ट्रेबल म्हणतात. तू खांबाच्या जागी मुके खांब घालतेयस. ते टेकाड त्याचंच. तीन साखळ्या म्हणजे एका खांबाची उंची, मुक्या खांबाला एकच पुरते. शेजारी बुटके टाके आणि जोडाला तीन साखळ्यांचा उंच खांब, म्हणून भोकही.

आता लाटा का. फेरी टाक्याच्या उंचीएवढी बाहेर सरकते आणि घेर त्या उंचीच्या सव्वासहा पट वाढतो. मुका खांब जवळजवळ चौकोनी, म्हणून दर फेरीला सहाच टाके वाढवायचे: ६, १२, १८, २४. खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा. तू उंची मुक्या खांबाची ठेवलीस आणि वाढ खांबाची केलीस. जागा नाही मिळाली की टाके वरखाली होणारच.

माटोळी (१०:२०)
मामी, डबल क्रोशे म्हणजे मुका खांबच. मला आईने शिकवलं, तिला तिच्या बाईंनी. चाळीस वर्षांत कधी दुसरं ऐकलं नाही.

वळवईची_मामी (१०:३१)
तुमच्या आईचं बरोबरच आहे. इथल्या शाळांत आणि घरांत जुनी इंग्लंडची पुस्तकं फिरली, त्यामुळे आपल्या पिढीला तेच नाव ठाऊक. आता फोनवर येणारे बरेच नमुने अमेरिकन असतात. ओळखायची खूण सांगते. कागदावर कुठेही 'सिंगल क्रोशे' किंवा 'एससी' असेल तर तो अमेरिकन, इंग्लंडच्या हल्लीच्या पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही. टाका सोडायला 'स्किप' आणि विणीच्या मापाला 'गेज' लिहिलं असेल तर अमेरिकन. इंग्लंडवाले 'मिस' आणि 'टेन्शन' लिहितात. मी तर नमुना हातात आला की आधी इंग्रजी अक्षरं खोडून वर खांब, मुका खांब, अर्धा खांब असं मराठीत लिहून काढते. खांब म्हटलं की खांबच, दुसरा अर्थ होत नाही.

सुरंगी (१०:३८)
खाली काठाला एससी लिहिलंय. गेजही आहे. तीन रात्री गेल्या ना माझ्या!! उसवायला घेतलं.

वळवईची_मामी (१०:४५)
थांब, बाळाचं डोकं किती? बारसं म्हणजे बारा दिवसांचं धरू का?

सुरंगी (१०:५२)
नाही, दोन महिन्यांची आहे. घरात सुतक होतं म्हणून बारसं लांबलं. वहिनी माहेरी सावईवेऱ्याला आहे. फोन करून दोऱ्याने मापायला सांगितलं, ३८ सेंटिमीटर.

वळवईची_मामी (११:१०)
हे आधी सांगायचं होतंस, बाय. लोकर ताणते म्हणून दोन कमी धर, टोपड्याचा घेर ३६. घेराला ३.१४ ने भाग, गोल साडेअकरा सेंटिमीटर रुंद झाला की वाढवणं बंद. चार पदरी आणि तुझी सुई, माझ्या हाताने १० सेंटिमीटरात २० खांब येतात, म्हणजे ७२ खांबांवर सहाव्या फेरीत जमेल. तुझा हात वेगळा असू शकतो, म्हणून आकड्यावर न जाता मोजपट्टी लाव. मग न वाढवता सरळ विणत जा, मधल्या बिंदूपासून काठापर्यंत १४ सेंटिमीटर झालं की पुरे. काठाला एक फेरी मुक्या खांबाची.

शेवंती_मडगाव (११:२५)
वर छान मोती लाव हं, आणि हनुवटीखाली रेशमी नाडी.

अबोली_डिचोली (११:३३)
मोती नको. सुटला तर थेट तोंडात जातो. लांब नाडीही नको, गळ्याभोवती अडकते. शोभा हवी तर त्याच लोकरीचं अबोलीचं फूल विणून पक्कं शिव. आणि बूट करणार असशील तर आतून धाग्याची टोकं सुटी ठेवू नकोस, बाळाच्या बोटाला वेढा बसतो आणि आपल्याला कळतही नाही.

काणकोणची_पोर (गुरुवार, सकाळी ७:४०)
माटोळीताई, चवथीच्या तोरणाचा नमुना द्याल का? अगदी सुरुवातीपासून, आंब्याची पानं कशी करता ते. यंदा पहिली चवथ आहे माझी सासरी.

माटोळी (८:१५)
देते. वेगळा धागा काढ, इथे सुरंगीचं राहू दे. पानाची सुरुवात १५ साखळ्यांनी आणि दोन्ही टोकांना मुके खांब, मधे खांब. मामींचं पटलं मला, नमुना लिहिताना मराठीतच लिहीन.

सुरंगी (गुरुवार, रात्री ११:४०)
पाच फेऱ्या झाल्या. पाटावर ठेवून तळहात फिरवला, कुठे टेकाड नाही, कुठे लाट नाही. जोडही शोधावा लागतो. साठ खांबांवर साडेनऊ भरलं, अजून एक फेरी वाढवायची. काकी, सुती दोराही आणलाय, बारसं झालं की रोजच्या वापराचं दुसरं करते. मामी, उसवलेली लोकर वेटोळी झालीय ती तशीच वापरू की आधी सरळ करावी लागते?

वळवईची_मामी (११:५५)
नव्या गुंड्यातली लोकर पुढे काढ आणि ही बाजूला ठेव. वेटोळ्या धाग्याने टाके लहानमोठे पडतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात बुडव आणि सावलीत टांग. सकाळपर्यंत सरळ होईल, काठाला तीच वापर. शनिवारी तयार टोपडं सौम्य साबणाने धुऊन उपड्या वाटीवर वाळव.